जावईबापूंचे हात

३ जून
आज रुजू झाले. ऑपरेशन थिएटर आरशासारखं लख्ख. मधोमध चार हातांचा रोबोट, प्लास्टिकच्या झग्यात. वॉर्डमामा त्याला जावईबापू म्हणतात. म्हणाले, याचे लाड करा, हा रुसला की सगळ्यांचं काम अडतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत सर्जनसाहेब बसतात, समोरच्या यंत्राच्या खिडकीत डोकं घालून मुठी फिरवतात, आणि पलीकडे रोबोट यकृतातली गाठ काढतो. डोकं बाहेर काढलं की हात जागीच गोठतात. पेशंटजवळ उभं राहून त्या हातांची अवजारं बदलायची, हे माझं काम.

ताईला फोन केला. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्याही यकृतात गाठ आहे, म्हणून तर ही नोकरी धरली. म्हणाली, तू शेजारी असलीस तर मी खुशाल घोरत पडेन बघ.

११ जून
साहेबांचा हात फार हलका, असं सगळे म्हणतात. रक्त जेमतेम चमचाभर जातं. आज मात्र गाठ सुटली तरी हात थांबले नाहीत. भोवतालचं निरोगी यकृतही पिशवीत गेलं. मोठ्या सिस्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, अगं, यकृत पुन्हा वाढतं, तुझं काय जातंय?

१९ जून
चिमटा पडला म्हणून वाकले. खुर्चीकडे नजर गेली. साहेबांचं डोकं खिडकीत, दोन्ही हात मांडीवर, थरथरत. इकडे रोबोटचं काम चालूच.

२० जून
साहेबांना विचारलं. चिडले नाहीत. मायेनं म्हणाले, त्याला फक्त बघणारं कुणी लागतं, पोरी. ताईचं ऑपरेशन तुमच्या हातांनी करा, अशी गयावया केली. त्यांनी थरथरती बोटं माझ्यासमोर धरली आणि हसले.

कुणाला सांगितलं तर थिएटर बंद होईल. ताईची गाठ वाढतेय. ताईसाठी तारीख मागितली.

२७ जून
ताई टेबलावर. शीर अर्धवट चिमट्यात असतानाच साहेब खुर्चीतून कोसळले. हात गोठले. रक्त वर येऊ लागलं. मोठ्या सिस्टर ओरडल्या, डोकं घाला कुणीतरी! मीच धावले. हात मांडीवर ठेवले.

त्यानं नेमकी गाठ उचलली. कणभरही जास्त नाही. ताई वाचली.

४ जुलै
साहेब गेले. दुसरे सर्जन बसवून पाहिले, हात हललेच नाहीत. माझं डोकं आत गेलं की हलतात. वरच्यांनी दार लावून घेतलं, म्हणाले, बाहेर बोलायचं नाही.

आज एका बाईंचं अर्ध्याहून जास्त— मी बघत राहिले. बघावंच लागतं.

१८ सप्टेंबर
ताईला पुन्हा गाठ. दुसरीकडे जाऊ म्हटलं. हसली. तुझ्यामुळे वाचले, आता परक्याकडे कशाला?

मागच्या वेळी त्यानं माझ्यासाठी नेमकी गाठच काढली होती. पुन्हाही—

२२ सप्टेंबर
डोकं खिडकीत. वही मांडीवर. न बघता लिहितेय. समोर ताई. भूल चढताना म्हणाली, घोरले तर हलव गं.

गाठ केव्हाच निघाली. हात थांबत नाहीत. कापलेली, अजून न शिवलेली मोठी शीर त्याच्या चिमट्यात. डोकं काढलं तर— नाही काढलं तर—

पिशवी भरली. मामा दुसरी घेऊन आलेत.

यकृत पुन्हा वाढतं. थोडं उरलं तर. एवढंसं राहू दे रे, बाबा, एवढंसंच—

थांबला. ऐकलं त्यानं. ऐकलं!

आता चिमटा हळूच उघ—