आपल्यातलेच गायकवाड

१७ जानेवारी १९८३, सोमवार

आत्या आल्या! माझ्या सासूबाई, धर्मराजांच्या आई. धर्मराज पहाटेच ठाण्याला गेले आणि त्यांना एसटीवरून घेऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शनिवारी शिबिरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. आल्या आल्या माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं — "वाळलीस गं सगुणा."

मग हातपाय धुतले आणि पहिलंच विचारलं, "फोटू कुटं लावलाय?"

बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो पेटीत आहे. लग्नातल्या साडीत गुंडाळलेला. दिघ्यात ही खानावळ काढली तेव्हापासून. भिंतीवर वाण्याने दिलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर. बाहेर ओट्यावर बाजीराव चहाची वाट बघत बसला होता. पेटी उघडली असती तर... उघडली नाही. आत्यांना खांद्याला धरून कॅलेंडरपुढे उभं केलं. "इथं."

त्यांनी हात जोडले. ओठ हलत होते. मग हात पुढे करून चाचपलं. "काच कुटं गेली?"

"फुटली, आत्या."

१८ जानेवारी

कालचं डोक्यातून जात नाही. कुणाला सांगू? इथंच लिहिते.

बाजीराव आमच्या खानावळीचा पहिला मेंबर. साताऱ्याकडचा, कंपनीत टर्नर, खोलीवर एकटा. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "गायकवाड? म्हणजे आपल्यातलेच की, वहिनी!" मराठे, असं त्याला म्हणायचं होतं. गायकवाड आमच्यातही असतात. मी नुसती हसले. खोटं कुठं बोलले, असं तेव्हा स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी फोटो उतरवला. मग त्याच्याच ओळखीने बाकीचे सोळा जण आले.

धर्मराज तेव्हा एवढंच म्हणाले, "तुला पाहिजे ते कर. मला बोलायला लावू नको." तेव्हापासून ते मागच्या खोलीत जेवतात.

गावात आमच्या आळीत पाणी प्यायलाही असली माणसं थांबायची नाहीत. इथं माझी आमटी वाटीने मागून मागून पितात. त्याचा मला आनंद होतो! तीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

२२ जानेवारी

ऑपरेशन झालं. नीट झालं. चष्मा दीड महिन्याने देणार. ऐकल्यावर मनात पहिलं काय आलं — म्हणजे अजून दीड महिना आहे.

शी!

२६ जानेवारी, बुधवार

बाजीरावाच्या कंपनीत आज सत्यनारायण होता. त्याने कॅन्टीनच्या साहेबांना माझं नाव सुचवलं — प्रसादाचा शिरा वहिनी करतील. साहेबांना कॅन्टीन चालवायला नवीन माणूस हवाय. एक एप्रिलपासून कॅन्टीन. दोनशे जणांचं जेवण! पत्र्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं असेल तर हेच. मी लगेच हो म्हटलं.

धर्मराज दवाखान्यात आईजवळ. मी इथं सोवळ्यात, ओल्या केसांनी, रवा भाजत. केळी, साजूक तूप, बेदाणे. असल्या पूजा करणार नाही म्हणून लहानपणी शाळेच्या मैदानावर हजार माणसांत हात वर करून शपथ घेतली होती. बाप शेजारी उभा होता. माझा हात खाली यायला लागला की कोपराला धरून वर करायचा.

शिरा उत्तम झाला. साहेब म्हणाले, "घरात संस्कार असल्याशिवाय असा प्रसाद होत नाही." मी पदर सावरला!

संध्याकाळी धर्मराज आले. दारातच थांबले. तुपाचा वास घरभर होता. "आई विचारत होती, सगुणा का आली न्हाई."

"मग?"

"सांगितलं, काम होतं."

पातेल्यात वाटीभर शिरा उरला होता. त्यांनी घेतला नाही. मीही खाल्ला नाही. शेवटी शेजारच्या सखूला दिला.

३० जानेवारी

आत्या घरी आल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी. रोज सकाळी भिंत धरत धरत जातात, कॅलेंडरपुढे उभ्या राहतात. बुद्धं सरणं गच्छामि. मी तेव्हा मुद्दाम भांडी घासायला बाहेर जाते. तरी ऐकू येतं.

१४ फेब्रुवारी

आज मेंबरांतला दत्तू भाजीला मीठ कमी म्हणाला. एवढंच.

खोटं. एवढंच नाही. आत्यांनी मला विचारलं, शेजारणीकडून जास्वंद आणशील का, फोटूला वाहते. आणली. त्यांनी बोटांनी चाचपून चाचपून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. मला म्हणाल्या, "छप्पन साली नागपूरला गेलो तवा धर्मा माज्या कडंवर. तीन दिस नुसत्या चटणी-भाकरीवर. तुला सांगते सगुणा, त्या दिवसापास्नं मी मान खाली घालून कुणाम्होरं हुबी न्हाई राहिले."

मी "हो का" म्हटलं.

२७ फेब्रुवारी

साहेब सात तारखेला जागा बघायला येणार. चष्मा पाच तारखेला. मधे दोन दिवस. आधी ठरवलं होतं, पाचला सकाळी फोटो लावून टाकायचा. पण साहेब सातला येणार! दोन दिवस आत्या मागच्या खोलीत राहतील तर? त्यांना काय सांगायचं?

धर्मराजना विचारलं. ते कूस बदलून झोपले.

५ मार्च, शनिवार

चष्मा आला. जाड भिंगाचा, आत्यांचे डोळे त्यात केवढे मोठे दिसतात. रिक्षातून उतरल्यापासून खूश. पाट्या वाचता येत नाहीत, पण रंग सांगत होत्या. सखूची साडी हिरवी. पत्रा निळा. मी त्यांना मागच्या दाराने न्यायला बघत होते. हात सोडवून पुढच्याच दाराने आत गेल्या.

कॅलेंडरपुढे थांबल्या. किती वेळ कोण जाणे. मी उंबऱ्यात.

"दीड महिना मी हिच्या पाया पडत व्हते व्हय?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"फोटू इकलास?"

"नाही आत्या. पेटीत आहे."

"धर्माला म्हाईत हाय?"

मी होकारार्थी मान हलवली. तिथं मात्र त्या खाली बसल्या. भिंतीला टेकून. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेथीची जुडी पुढे ओढून निवडायला लागल्या. चष्म्यामुळे प्रत्येक पान लांब धरून बघत होत्या.

६ मार्च

 मी काल रात्रीच सगळं आत्यांना सांगितलं होतं. बाजीराव, शिरा, कॅन्टीन, सगळं. आज त्यांनी फक्त विचारलं, "उंद्या येनारे का त्यो साएब?"

७ मार्च, सोमवार

कसं लिहू?

साहेब आले. भांडी बघितली, पाण्याचं पिंप बघितलं. बाजीराव बरोबर. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. साहेबांनी सहज विचारलं, "आजी, मूळ कुठले तुम्ही? कोण?"

 आता सांगतील. सांगूच देत, असंही एकदा वाटलं. शपथेवर सांगते, वाटलं.

आत्यांनी मान वर केली नाही. "बीडाकडचे आमी. मराठे."

"मी म्हटलं नव्हतं, साहेब?" — बाजीराव.

आणि आत्या उठल्या. पिठाचे हात पदराला पुसले, कॅलेंडरपुढे गेल्या आणि हात जोडले. साहेबांना दिसेल असे. ह्या वेळी दिसत होतं त्यांना. माझ्यासाठी केलं.

साहेब खूश होऊन गेले. कॅन्टीन आम्हालाच.

८ मार्च

सकाळी आत्या उठल्या, तोंड धुतलं, आणि तशाच चुलीकडे गेल्या. मी पेटी उघडून फोटो काढला. "आत्या, आत लावू का? मागच्या खोलीत? तुमच्यासाठी."

"नगं."

"का?"

"कोन्त्या तोंडानं हुबी राहू?"

धर्मराज तिथंच होते. शर्ट घालता घालता थांबले. मग डबा न घेताच कामावर गेले.

मला वाटत होतं लाज माझी आहे, मी सोसीन. ती त्यांच्या गळ्यात घातली मी. साठी उलटलेल्या बाईच्या.

९ मार्च

काही सुचत नाही. आमटी दोनदा करपली.

१० मार्च, गुरुवार

सांगितलं. दुपारी, सगळे पानावर बसलेले असताना. "आम्ही मराठे नाही. बौद्ध आहोत. आत्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

बाजीराव हात धुऊन उठला. "वहिनी, ही फसवणूक झाली," एवढंच. साहेबांना तोच सांगेल. त्याच्यामागे अकरा जण गेले. दत्तू खाली मान घालून जेवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "भाकरी हाय का अजून?"

आत्याच घेऊन आल्या.  मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांजच्याला किती जनांचं पीठ मळू?"