भुईगावची अकरा माकडे परत आणण्याबाबत

दिनांक : ५ ऑक्टोबर २००१

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी (माकड स्थलांतर),
वन कार्यालय, वसई, जि. ठाणे.

विषय : मौजे भुईगाव येथून हलवलेली अकरा माकडे परत आणणे, उरलेली पाच न पकडणे आणि माझा अहवाल रद्द करणे.

संदर्भ : १) माझा अहवाल, दि. ९ जुलै २००१. २) आपल्या कार्यालयाचा दुसऱ्या टप्प्याचा आदेश, पकडण्याची तारीख १२ ऑक्टोबर.

महोदय,

मी खाली सही करणारी, डॉ. विनिता रमेश दळवी, मुंबईतील एका संशोधन संस्थेत माकडांच्या आनुवंशिकतेवर काम करते. सासर व सध्याचा पत्ता मनवेलपाडा, विरार पूर्व, माहेर भुईगाव. वरील अहवाल माझ्या एकटीच्या सहीचा आहे. तो चुकीचा आहे. कसा चुकला ते क्रमाने लिहिते. कुठे विषय सोडून लिहिल्यासारखे वाटले तर क्षमा असावी. गेला दीड महिना मी हा मजकूर मनातल्या मनातच लिहीत होते.

१. भुईगावच्या वाड्यांत सोळा माकडांची एक टोळी होती. केळी, चिकू, जायफळ, काहीच सोडत नसत. गावात दोन तट पडले. माकडे आपलीच आहेत, राहू द्या, असे काहींचे म्हणणे. शहरातून कुणीतरी आणून सोडली आहेत, घेऊन जा, असे इतरांचे. स्थानिक असतील तर ठेवायची आणि बाहेरची असतील तर हलवायची, असे आपल्या कार्यालयाने ठरवले व ती कोणती आहेत हे शास्त्रीय पद्धतीने सांगण्याचे काम माझ्याकडे दिले. मी गावचीच मुलगी म्हणून सगळ्यांना विश्वास वाटला. मलाही वाटला.

२. पद्धत अशी. पेशीत डीएनएचा एक छोटा भाग असतो, तो फक्त आईकडून मुलांकडे जातो. तो वाचला की माकडाचे आजोळ कळते : आपल्याकडचे डोक्यावर केसांची टोपी असलेले लांब शेपटीचे माकड, की उत्तरेकडचे ऱ्हीसस. त्यासाठी माकडाला पकडावे लागत नाही, त्याची उष्टी लाळ पुरते. आमच्या घरी राजेळी केळ्यांची सुकेळी होतात, उन्हात सुकवलेली, चिवट. माकड ते गालात कोंबते, बराच वेळ चघळते आणि चोथा टाकते. तो चिमट्याने उचलून कागदी पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर तारीख, वेळ व माकडाचे वर्णन तिथल्या तिथे लिहायचे. अशी बारा पाकिटे क्रमांक घालून मी फेब्रुवारीत आईकडे ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी जाऊन भरत असे.

३. तपासणीत नऊ पाकिटे स्थानिक निघाली. आठ, नऊ आणि दहा ही तीन ऱ्हीसस निघाली. त्यावरून टोळीत बाहेरचे आजोळ मिसळलेले आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि सगळी टोळी बाहेरची ठरली. शेजारच्या मटिल्डामावशी तुस्कानो यांनी तेव्हाच मला हटकले होते, की यांच्या शेपट्या अंगापेक्षा लांब आहेत, डोक्यावर टोपी आहे, मग ही बाहेरची कशी. आजोळ डोळ्यांनी दिसत नाही असे मी त्यांना समजावले. ते शास्त्राला धरून आहे. पण मावशी चाळीस वर्षे ती टोळी बघत आल्या आहेत आणि मी तीन पाकिटे बघितली होती.

४. त्या तीन पाकिटांवर तारीख, वेळ, वर्णन काहीच नव्हते. ती बाद करायला हवी होती. मीच भरली असतील आणि लिहायचे राहिले असेल असे धरून मी आठवणीने तारखा घातल्या, आणि वर्णन म्हणून ‘प्रौढ मादी’ असे लिहिले. आठवण नव्हती. तारखा मी कॅलेंडरात बघून, रविवार शोधून घातल्या. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

५. गणपतीला, २२ ऑगस्ट रोजी, मी माहेरी गेले. आई, श्रीमती नर्मदा नरहरी चुरी, वय अडुसष्ट, उकड मळत होती. मळता मळता तिने विचारले, “तुझी माकडं चार दिवस फिरकली नव्हती, तेव्हा तो माकडवाला आला होता गं दारात. त्याच्या माकडाला तीन सुकेळी घातली आणि चोथा तुझ्या पाकिटांत भरून ठेवला. तू एवढ्या लांबून यायचीस आणि रिकाम्या हाताने जायचीस. कामाला आली ना पाकिटं?”

मी म्हटले, “आली.”

६. आईचा यात दोष नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला काही घातल्याशिवाय आणि माहेरवाशिणीला काही दिल्याशिवाय पाठवत नाहीत. माकड ते माकड, असे तिला वाटले. पाकिटे उघडी ठेवून जाणारी मी होते.

७. २७ ऑगस्टला मी सगळे नमुने पुन्हा तपासले. तो माकडवालाही शोधला. भुईगाव, सोपारा पालथे घातले आणि तो सापडला मनवेलपाड्यातच, आमच्या इमारतीमागच्या चाळीत. त्याच्या माकडाचा नमुना आठ, नऊ, दहाशी तंतोतंत जुळला. म्हणजे या सगळ्या प्रकरणात बाहेरचे माकड एकच, आणि ते माझे शेजारी. त्याने मला सलाम केला. मालकाने शिकवलेला असतो, सगळ्यांनाच करतो. तरी मला तो घेववला नाही.

८. टोळी पकडली १९ सप्टेंबरला. आईच्या बोलण्यापासून मधले दिवस अठ्ठावीस. या दिवसांत मी आपल्या कार्यालयाला एक दूरध्वनी केला असता तरी पुरे होते. केला नाही. याच निष्कर्षावर लिहिलेला माझा लेख एका नियतकालिकाने स्वीकारला होता, आणि १४ सप्टेंबरला माझी बढतीची मुलाखत होती. मुलाखत चांगली झाली. बहुतेक प्रश्न भुईगावच्या माकडांवरच होते. बढती मिळाली आहे.

९. पकडताना तज्ज्ञ म्हणून मी हजर होते, पंचनाम्यावर माझी सही आहे. पिंजऱ्यात आमिष म्हणून ठेवलेली सुकेळी आईने दिली होती, लेकीच्या कामाला म्हणून निवडून चांगली. आमच्या हातची सुकेळी माकडांच्या ओळखीची, त्यामुळे ती बिनधास्त आत गेली. एक कान फाटलेली म्हातारी माकडीण शिरण्याआधी माझ्याकडे बघत थांबली, असे लिहिणे शास्त्रीय होणार नाही, म्हणून लिहीत नाही. अकरा माकडे जव्हारपलीकडच्या जंगलात गेली. पाच निसटली. त्यांत एक तीन-चार महिन्यांचे पिल्लू आहे, त्याची आई अकरांत आहे. ते मावशींच्या विहिरीच्या कठड्यावर बसते.

१०. मी गेल्या सोमवारी आपल्या कार्यालयात आले होते. चुकीच्या अहवालावरून हलवलेला प्राणी परत आणण्याचा नमुना अर्ज उपलब्ध नाही, असे कळले. लिपिकांनी सहानुभूतीने हरवलेल्या जनावराचा अर्ज दिला. त्यात ‘जनावराचे मालक’ असा रकाना आहे. तो मला भरता आला नाही. ‘जनावर शेवटचे कोणी पाहिले’ हा मात्र भरता आला. म्हणून हा साधा कागद.

११. तरी विनंती की, (अ) १२ ऑक्टोबरचा आदेश तत्काळ स्थगित करावा, कारण सर्वांत आधी ते पिल्लू वाचायला हवे; (ब) अकरा माकडे परत आणावीत; शोधायला मी स्वतः येईन, सुकेळी घेऊन जंगलात बसेन, आणि लागतील तितके दिवस रजा टाकेन; चोथ्यावरून एकेक ओळखून देईन, या वेळी पाकिटे माझ्या हातची असतील; (क) माझ्यावर कायदेशीर कारवाई व्हावी. नियतकालिकाला व संस्थेला मी आजच कळवले आहे. बढतीचे काय करायचे ते संस्था ठरवेल.

१२. शेवटची विनंती लहान आहे. आईला यातले काहीही ठाऊक नाही. लेकीच्या कामाला आपला हात लागला, हे ती देवळात भेटेल त्याला सांगते. मी दर रविवारी जाते आणि ती दर रविवारी पाकिटांचा विषय काढते. या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून ती मला आजच मिळावी. ती घेऊन मी इथूनच भुईगावची बस धरणार आहे. शिक्क्याशिवाय गेले तर तिने विचारल्यावर मी पुन्हा “आली” असेच म्हणेन, एवढी मी स्वतःला ओळखते. शिक्का मिळेपर्यंत मी आपल्या बाहेरच्या बाकावर बसून आहे.

आपली, दोष कबूल असलेली अर्जदार,

(सही)
डॉ. विनिता रमेश दळवी

सोबत :
१) बारा नमुन्यांचे मूळ व फेरतपासणीचे निकाल.
२) पाकिटे क्र. ८, ९, १०, माझ्या हस्ताक्षरातील खोट्या नोंदींसह.
३) सुकेळ्यांचा एक पुडा. ही भेट नाही. जंगलातील वनरक्षकांनी आजच टाकून बघावीत. अकरा त्या वासाला येतील.

प्रत :
१) श्रीमती मटिल्डा तुस्कानो, भुईगाव.
२) श्रीमती नर्मदा नरहरी चुरी, भुईगाव. (त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचून दाखवेन.)