बाबांचा मोकळा समुद्र

एजेओया, स्वालबार्ड
२१ जुलै १९७७

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

हे पत्र हाती पडेल तोवर माझा राग शिळा झालेला असेल, म्हणून ताजा असतानाच लिहून ठेवते. काल अस्वल आलं. मी आणि माझा मदतनीस एस्तेन वरच्या उतारावर मोजमापं घेत होतो. धुकं दाट, बंदूक एस्तेनच्या खांद्यावर आणि अस्वल खाली आमच्या तंबूत. खारवलेलं मटण खाल्लं, ते मी समजू शकते. पण शिंपल्यांच्या पेट्या त्यानं का फोडाव्यात? एकेका जुन्या किनाऱ्यावरचे शिंपले आम्ही वेगवेगळ्या पिशव्यांत भरले होते. आता सगळ्यांचा मिळून एकच ढीग आहे, आणि कुठला शिंपला किती उंचीवरचा ते फक्त अस्वलाला ठाऊक. जेमतेम दोन पिशव्या वाचल्या. एस्तेन म्हणाला की बरं झालं, आपण तंबूत नव्हतो. त्यानंतर मी जेवणापर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

टपाल आणणाऱ्या बोटीवरच्या आचाऱ्यानं मला विचारलं होतं, की समुद्रापासून एवढ्या वर कोणी शिंपले शोधतं का. मी त्याला सांगितलं की बर्फाच्या ओझ्याखाली जमीन दबते, बर्फ गेला की हळूहळू वर येते, आणि जुने किनारे पायऱ्यांसारखे सोबत वर जातात. जिथे पायऱ्या जास्त उंच, तिथे बर्फ जास्त जाड होता. इथल्या पायऱ्या पूर्वेकडे, भर समुद्राच्या बाजूला, उंच होत जाताहेत. म्हणजे आज जिथे बॅरेंट्स समुद्र आहे तिथे एके काळी एकसंध बर्फ होता. त्याला ते लगेच पटलं. सगळ्यांनाच पटतं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, एक म्हातारा सोडून. त्यावर तो म्हणाला की त्या म्हाताऱ्याला काही कळत नसेल. तो म्हातारा माझा बाप आहे आणि मला हा विषय त्यानंच शिकवला, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

कमरेला शेक देता ना? माया असू द्या, मतं काहीही असोत.

तुमची,
गुन्वोर

—

ट्रोम्सो
९ ऑगस्ट १९७७

चि. गुन्वोर हिस,
अ. उ. आ.

अस्वलाला माझा नमस्कार सांग. तीस वर्षं मी जे ओरडून सांगतोय ते त्यानं एका दुपारी करून दाखवलं. शिंपले सरकतात, मिसळतात, लाटा त्यांना उचलून भलतीकडे टाकतात. त्यांच्या भरवशावर अख्खा समुद्र गोठवू नये.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तू ऐकत नाहीस. बर्फ बेटांवर होता. प्रत्येक बेटाची आपापली छोटी टोपी, आणि मध्ये मोकळा समुद्र. तेवढा प्रचंड बर्फ उभा राहायला त्या कोरड्या हवेत हिम कुठून पडणार, याचं उत्तर तुम्हा तरुण मंडळींपैकी एकानंही मला दिलेलं नाही. पायऱ्या उंच आहेत म्हणतेस. जमीन भूगर्भाच्या हालचालीनंही उचलली जाते, तिला दर वेळी बर्फाचीच गरज नसते.

उत्तरेच्या हिमयुगावरचा जो मोठा ग्रंथ निघतोय, त्यातलं आपल्या भागाचं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. बहुधा माझं शेवटचं. तुझं नाव तळटीपेत घालीन, तेही चांगलं वागलीस तर.

शेजारच्या मांगनहिल्डबाई माशाचं सूप आणून देतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहतात. कंबर आहे तशीच. रायफल स्वतःजवळ ठेवत जा, त्या पोराच्या खांद्यावर नको.

कळावे. बापावर राग असला तरी चालेल, अबोला नसावा.

बाबा

—

ऑस्लो
१६ फेब्रुवारी १९७८

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

निकाल आले. वाईट बातमी आधी सांगते, म्हणजे तुम्हाला कॉफी गोड लागेल. वाचलेल्या दोन पिशव्यांतले शिंपले इतके जुने निघाले की प्रयोगशाळेला त्यांचं वयच काढता येत नाही. म्हणजे ते आधीच्या कुठल्या तरी काळातले, बर्फानं खरवडून वर आणून टाकलेले. माझ्या दोन उन्हाळ्यांची माती झाली. पत्र वाचून मी टेबलावर डोकं टेकवून बसले, आणि शेजारच्या खोलीतल्या बाईंना वाटलं घरी कोणी गेलं.

आता दुसरी बातमी. परतायच्या आदल्या दिवशी सगळ्यांत वरच्या किनाऱ्यावर, ऐंशी मीटरांच्याही वर, खडीत अर्धी रुतलेली देवमाशाची कवटी सापडली होती. तुम्हाला मुद्दामच कळवलं नव्हतं, कारण तुम्ही लगेच तिला तिथून हुसकावून लावलं असतं. तिचं वय जवळपास दहा हजार वर्षं निघालं आहे. ती कवटी बर्फानं आणलेली नाही, अस्वलानं नाही, लाटेनंही तिथवर फेकलेली नाही. तो देवमासा तिथेच किनाऱ्याला लागला, आणि मग तो किनाराच वर गेला. इतक्या थोड्या काळात इतका वर, तुमच्या त्या टोपीएवढ्या बर्फानं?

इथे संशोधकांच्या बैठकीत मी हे सांगितलं. पहिला प्रश्न आला की तुमच्या वडिलांचं काय म्हणणं आहे. दुसराही तोच. मी छत्तीस वर्षांची आहे, बाबा. माझ्या कवटीबद्दल कोणी विचारलंच नाही.

चिडून लिहिलं आहे, गोड मानून घ्या.

गुन्वोर

—

ट्रोम्सो
२७ फेब्रुवारी १९७८

चि. गुन्वोर हिस,
अ. उ. आ.

कॉफी मुळीच गोड लागली नाही. शिंपल्यांचं वाचून वाईट वाटलं. हे खरं सांगतोय, टोमणा समजू नकोस.

कवटीचं वय मानलं. उंची मानत नाही. तू हवेच्या दाबाच्या यंत्रानं उंची मोजतेस आणि तिथली हवा दिवसातून दहा वेळा मन बदलते. त्यातून पायऱ्या पूर्वेकडे चढतात हा तुझा निष्कर्ष काही मीटरांच्या फरकावर उभा आहे. तेवढा फरक नुसत्या ढगानंही पडतो.

तेव्हा जुलैच्या बोटीनं मी येतो आहे, उंची मोजायची माझी जुनी दुर्बीण आणि मोजपट्टी घेऊन. डॉक्टर नाही म्हणाले. मांगनहिल्डबाई तर डॉक्टरांपेक्षा मोठ्यानं नाही म्हणाल्या. तू तिसरी होऊ नकोस.

जीव लावणारा आणि न पटणारा,
बाबा

—

एजेओया
२ ऑगस्ट १९७८

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

तुमची बोट परवा गेली आणि मी अजून धुमसते आहे. समोर असताना बोलता आलं नाही. सहा-सात माणसांसमोर बापाशी भांडायचं कसं? म्हणून लिहिते.

दोन खलाशांनी तुम्हाला खुर्चीसारखं उचलून किनाऱ्यावर आणलं, तेव्हा मला रडू येत होतं. वर पोचायला अख्खा दिवस गेला. दर थोड्या अंतरावर थांबून तुम्ही एस्तेनला दुर्बीण कशी धरायची ते शिकवत होतात, आणि मला दिसत होतं की तुम्हाला फक्त दम खायचा आहे. आणि मग कवटीपाशी बसून तुम्ही आकडा जाहीर केलात. माझ्यापेक्षा चार मीटर कमी. वर म्हणालात की गुन्वोरला लहानपणापासून गोष्टी मोठ्या करून सांगायची सवय आहे. सगळे हसले. तुमचा आकडा बरोबर होता, म्हणून मला जास्त लागलं. माझ्या सगळ्या उंच्या आता नव्यानं काढाव्या लागतील.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही हट्टानं बोटीतून पूर्वेच्या टोकाला गेलात आणि तिथला वरचा किनारा तुमच्याच दुर्बिणीनं मोजलात. तो जास्त उंच भरला. दोन्ही आकडे तुमच्याच दुर्बिणीचे, आणि चढ होताच. तुम्ही पुन्हा मोजलं. मग दुर्बीण पुसलीत, पेटीत ठेवलीत आणि एस्तेनला म्हणालात की वारा सुटलाय, निघू या. मला एक शब्द नाही. बोटीत चढतानाही नाही. तुम्ही नुसती माझी टोपी कानावर ओढलीत, मी पाच वर्षांची असल्यासारखी.

काहीतरी बोलायचं होतंत, बाबा.

गुन्वोर

—

ट्रोम्सो
३० ऑगस्ट १९७८

चि. गुन्वोर हिस,
अ. उ. आ.

बोलायला काही नव्हतं म्हणून बोललो नाही.

ग्रंथाच्या संपादकांना कळवून माझं प्रकरण परत मागवलं आहे. प्रकृतीचं कारण दिलं, ते खोटंही नाही. ती जागा तुला द्यावी असं सुचवलं आणि ते कबूल झाले आहेत. आता बैठकीत माझं काय म्हणणं आहे असं कोणी विचारणार नाही.

दुर्बीण तुझ्या नावानं पाठवतो. भिंगाला ओरखडा आहे, त्याची सवय होईल.

बाबा

—

ऑस्लो
११ सप्टेंबर १९७८

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

संपादकांचं पत्र आलं, पाठोपाठ तुमचं. दोन्ही वाचून मी इतकी संतापले की अंगात कोट न घालताच बाहेर जाऊन आले.

मी तुम्हाला बाजूला करायला निघाले नव्हते. त्या कोरड्या हवेत एवढं हिम कुठून आलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुम्ही गप्प बसलात तर तो प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही, आणि मग मी चुकत असेन तर मला कळणार कसं? लोक आता माना डोलवायला लागले आहेत. त्यांनी कवटी पाहिलेली नाही, आकडे तपासलेले नाहीत. परवापर्यंत ते तुमच्यासाठी अशाच माना डोलवत होते.

मी संपादकांना सांगितलं आहे की प्रकरण दोघांच्या नावानं येईल, नाहीतर येणार नाही. तुमचे सगळे आक्षेप त्यात हवेत, धारदार शब्दांत. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

गुन्वोर

—

ट्रोम्सो
२४ सप्टेंबर १९७८

चि. गुन्वोर हिस,
अ. उ. आ.

विचारल्याशिवाय माझं नाव घातलंस, याबद्दल भेटलीस की बोलेन.

सांगितलंस म्हणून आक्षेप लिहायला बसलो. हिमाचा आक्षेप ठीक उतरला, तो मजबूत आहे, तुला घाम फोडील. मग मोकळ्या समुद्राकडे वळलो. ती वाक्यं मी झोपेतही म्हणू शकतो, तीस वर्षं वर्गात म्हणत आलो. या वेळी लिहिली आणि खोडली. पुन्हा लिहिली. खिडकीतून खाडी दिसते, नेहमीसारखी बोटींनी भरलेली, आणि मला मात्र तिच्यावर बर्फ दिसायला लागतो, या डोंगरांच्याही वर गेलेला. अशा माणसानं काय वाद घालायचा?

म्हणून असं कर. नाताळाला ये, सगळे कागद घेऊन. माझी बाजू तू लिही. तुझं कुठे कच्चं आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी शेजारी बसतो, आणि तू स्वतःला सूट देते आहेस असं दिसलं की टेबलावर काठी आपटतो.

येशील तेव्हा जाड मोजे आण. घर गार पडतं.

वाट पाहणारा,
बाबा