दारातला दुसरा आवाज

टाम्पेरे, फिनलंड
सात नोव्हेंबर

आदरणीय जुमादिल मामा यांस,

भाचा कुबानिच याचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा? मामी, मुलं, मेंढरं आणि ती लंगडी घोडी सुखरूप असावीत. हिवाळ्यापुरतं गवत आत आलं का? माझी चौकशी कराल तर मी ठीक आहे. (हे सवयीने लिहिलं. मी ठीक नाही.) आपलं दोन वर्षांचं गुपित फुटलं आहे. ते मी फोडलं, आणि इतक्या मोठ्याने की इथून थेट आपल्या नारिनच्या डोंगरांपर्यंत ऐकू गेलं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन मामी चुलीजवळच्या फळीवर ठेवते, आवाज पूर्ण वाढवते, आणि मग सगळं घर एकदम बोलतं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आई राहते. म्हणून पत्र. ते घेऊन येणारा सेयितबेक माझ्याच विद्यापीठात आहे आणि सुट्टीला घरी येतो आहे. त्याला चहा द्या, पाव द्या, फार माया मात्र करू नका. का, ते पुढे येईलच.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. आपल्या खोऱ्यात न पाहिलेला माणूस उरला नसावा. एक तरुण कमरेला शोकाचा पट्टा बांधून परक्या इमारतीत शिरतो आहे आणि गळा फाडून ओरडतो आहे, ‘हाय माझे माये, माझ्या डोंगरा, आता कुणाच्या आडोशाला उभा राहू!’ तो मी. आईनेही पाहिला. तिचा फोन आला. थंडी किती आहे, जेवलास का, काही नाही. म्हणाली, “हा आवाज तुझा?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “मग त्या दिवशी तंबूच्या दारात तुझ्या बापासाठी कोण रडत होतं?” तिने फोन ठेवला. याला नऊ दिवस झाले. ती उचलत नाही.

ते कोण होतं हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. (तिसरे बाबा, पण ते आत आडवे होते.) तरी एकदा लिहून काढतो, कारण हे मी कुणाजवळ कधी बोललेलो नाही. बायका मयतासाठी उभारलेल्या तंबूत, लोकरीच्या नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून विलाप करत होत्या. मुलगा म्हणून मी बाहेर काठीवर वाकून उभा. येणारा प्रत्येक माणूस फाटकापासून हंबरडा फोडत येणार आणि मी त्याला हंबरड्याने उत्तर द्यायचं, हे मला पाच वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. पण बिश्केकहून माझ्या वर्गातले दोघे गाडी घेऊन आले होते. काळे चष्मे लावून ते कुंपणाशी उभे होते. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की ते मला पाहताहेत. आवाज आला नाही. फाटकातून पहिला घोडेस्वार ओरडत आत आला, आणि माझ्या बाजूने उत्तर नाही. तेव्हा तुम्ही, ज्यांचं तिथे उभं राहण्याचं कामही नव्हतं, माझ्या शेजारी सरकलात आणि दोन आवाजांत रडलात. एक तुमचा. दुसरा बारीक, पोरगेला, माझा म्हणून. संध्याकाळपर्यंत. मी फक्त खांदे हलवले. रात्री आईने माझा गळा दाबून पाहिला, लोणी घातलेला गरम चहा दिला आणि म्हणाली, “खूप ओरडलास रे.” तो चहा मी प्यायलो, मामा. पूर्ण वाटी.

आता इथलं. हा देश वाईट नाही. फक्त इथे माणूस माणसाला दिसू नये अशी व्यवस्था आहे. जिन्यात कुणी असेल तर शेजारी आपल्या दाराआड थांबतात, जिना रिकामा झाला की मगच बाहेर पडतात. बस-थांब्यावर दोघांमध्ये एक मेंढी सहज उभी राहील एवढं अंतर. पहिल्या आठवड्यात मी इमारतीतल्या प्रत्येकाला थांबवून त्याची प्रकृती, मुलंबाळं आणि गुरं यांची चौकशी केली. दुसऱ्या आठवड्यात मला जिन्यात कुणीही भेटेना. पाण्याचं मीटर बघायला माणूस आला. तो पावाचा तुकडा तोंडात न टाकता निघाला तेव्हा मी त्याला दारात अडवलं. (घरातून पाव न चाखता कुणाला कसं जाऊ द्यायचं?) त्याने तो खाल्ला, पण माझ्याकडे बघत, बुजलेलं जनावर खातं तसा. महिन्याभराने मीटर बघायला दोन माणसं आली.

फक्त तिसऱ्या मजल्यावरची हिल्काआजी माझ्याशी बोलली. तिचं पहिलं वाक्य होतं, “तुझे बूट वाजतात.” दोन महिन्यांत इथे मला मिळालेलं हे पहिलं न मागितलेलं वाक्य. मी भारावून गेलो. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या कडीला लोकरीचे मोजे अडकवलेले होते. ते बुटांच्या आवाजावरचा उपाय होते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच समजलो की इथे आता माझं एक नात्याचं माणूस आहे.

इमारतीत कुणी वारलं तर अंगणातल्या खांबावर झेंडा अर्ध्यावर उतरवतात. बाकी काही नाही. चिठ्ठी नाही, नाव नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी मी सेयितबेकबरोबर परतलो तर झेंडा अर्ध्यावर. हिल्काआजीच्या दारातल्या फटीत दोन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच अडकलेली मी सकाळी पाहिली होती. खाली बर्फ ओढणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “याच जिन्यातलं कुणी. म्हातारं.” आणि बर्फ ओढू लागला.

मामा, त्या क्षणी मला काय झालं ते लिहिताना कान गरम होतात. मला दुःख झालं, हे खरं. पण त्याच्या आधी, अर्धा क्षण आधी, बरं वाटलं. मनात आलं, आणखी एक दार मिळालं, या वेळी चुकायचं नाही. मी कोटावरून पट्टा बांधला आणि फाटकापासून सुरुवात केली. सेयितबेक म्हणाला, “अरे थांब, इथे असं नसतं!” मी थांबलो नाही. मग त्याने मोबाईल काढला. (आपल्याकडे मित्र असतो तो असा.) लिफ्टमध्ये एक गृहस्थ कुत्रा घेऊन उभे होते. रीत अशी की दार येईपर्यंत आवाज तुटू द्यायचा नाही, म्हणून मी लिफ्टमध्येही चालू ठेवलं. गृहस्थ मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले. कुत्र्याने मान वर केली आणि मला साथ दिली. त्या इमारतीत रीत माहीत असलेला तो एकटाच. तिसऱ्या मजल्यावर मी दारावर दोन्ही हात टेकून म्हणालो, हाय माझे माये, मला न सांगता कुठे गेलीस. आणि दार उघडलं. हिल्काआजी. गळ्याभोवती फडकं, नाक लाल, हातात चमचा.

“मी सर्दीने पडले होते,” ती म्हणाली.

सेयितबेकने दार उघडण्याआधीच मोबाईल बंद केला होता आणि गावच्या लोकांना व्हिडिओ पाठवण्यासाठी तो खाली पळाला होता. म्हणून व्हिडिओत दार उघडताना दिसत नाही. गावाला वाटतं मी खऱ्या मयताला रडलो. तेवढी तरी अब्रू राहिली. आता पुढचं जे आहे ते कुणाकडेच नाही.

हिल्काआजीने मला आत बसवलं. कॉफी दिली. मी मान खाली घालून रीत सांगितली, जेवढी मला त्यांच्या भाषेत येते तेवढी. तिने ऐकलं. म्हणाली, “गेला तो आर्मास. चौथ्या मजल्यावरचा. बहीण आहे, ती स्वीडनला. येणार नाही.” मग तिने कप धुतले, पुसले, बूट घातले.

“चल.”

“कुठे?”

“वर. बरोबर दारात कर.”

मी म्हटलं, “आजी, मी त्यांना ओळखतही नव्हतो.”

“कोण ओळखत होतं? मी चाळीस वर्षं त्याच्या खाली राहिले. मला त्याच्या खुर्चीचा आवाज तेवढा माहीत.”

दार बंद होतं. पितळेच्या पट्टीवर नाव. मी काठीशिवाय उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. तिसऱ्या मजल्यावर जिवंत बाईसाठी डोंगर, आडोसा, सगळं आलं होतं. इथे काही नाही. त्या दिवशीसारखंच. हिल्काआजी कठड्याला धरून उभी होती. ती म्हणाली, “घाई नाही. कॉफी झालीय.” मी तिला म्हणालो, मला जमत नाही, माझ्या बापालाही मी रडलो नाही, मामा रडला. हे मी आपल्या भाषेत म्हणालो, तिला कळलं नाही. किंवा कळलं. मग मी एवढंच म्हटलं, “बाबा.” त्यात रीतीचं काही नव्हतं. किती वेळ तेच म्हणत होतो, ठाऊक नाही. जिन्यातलं एकही दार उघडलं नाही. पण सगळ्या दारांआड माणसं उभी होती, हे मला दारांखालच्या उजेडातल्या सावल्यांवरून कळत होतं. शेवटी हिल्काआजी म्हणाली, “हं.” इथल्या मानाने हे भाषण झालं.

तर मामा, आता विनंती. आईला एवढंच सांगा की त्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून आवाज बारीक यायचा. व्हिडिओत तो सुटलेला आहे, त्यामुळे वेगळा वाटतो. आवाज दोन्हीकडे माझाच. तुम्ही सांगितलंत तर ती मानेल. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात आणि तुम्ही खोटं बोलता असं तिला वाटत नाही. मामींना सलाम. मुलांच्या डोक्यांचा वास माझ्याकडून घ्या. तुम्ही आशीर्वादासाठी हात उघडाल तेव्हा माझं नाव शेवटी का होईना, असू द्या.

तुमचा शरमलेला भाचा,
कुबानिच

ता. क. हिल्काआजी परवा वर माझ्याकडे आली होती. म्हणाली, माझी वेळ येईल तेव्हाही कर, पण लिफ्टने येऊ नकोस, कुत्रा बिथरतो. मी शब्द दिला. मग तिने विचारलं, त्या दिवशी तू मला जे म्हणालास, डोंगर वगैरे, ते खरं होतं का? मी म्हटलं, अर्धं. ती म्हणाली, अर्धं पुष्कळ झालं.

ता. क. दुसरं. सेयितबेक उद्या निघतो आहे. पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. घशाचं सांगू नका. चहा मी प्यायलो तेवढा पुरे, आता तिला आणखी काही पाजायचं नाही. खरं काय ते सांगायला मी पन्नासदा फोन केला, ती घेत नाही. म्हणून हे पत्र मुळात ज्यासाठी आहे ते इथे लिहितो. येत्या रविवारी दुपारी, नमाज झाली की तुमचा फोन मामीच्या फळीवरून उचला. अंगण ओलांडा. बाबांचा तंबू जिथे उभा होता, तिथे आईच्या दारासमोर उभे राहा. आवाज पूर्ण वाढवा आणि फोन हातात नीट धरा. मी इथून फोन लावीन आणि रीत करीन. कसं येईल ते माहीत नाही. कदाचित येणारही नाही. आलं नाही तर मामा, तुमच्या पाया पडतो, तुम्ही या वेळी मदत करू नका. आई आतून विचारेल, कोण आहे? तुम्ही उत्तर देऊ नका.