शेंदराची झिलई

भोसरी, ऑगस्ट १९७४

प्रिय कस्तुराताई,

तुझं पत्र परवा आलं. पोटात पीळ पडतो, तोंडाला सारखी गोडसर चव येते, आणि सासूबाई म्हणतात सातव्या महिन्यात असं व्हायचंच. परवा मीही हसून सोडून दिलं. आज घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. मला भीती वाटतेय ताई, तुझी आणि पोटातल्या बाळाची.

नीट सांगते. आमच्या कारखान्यात बरण्यांना सोनेरी झिलई देतात ना, तिच्यात बिस्मथ नावाची परदेशी पूड पडायची. दिवाळीनंतर ती मिळेनाशी झाली. शेटजी मोठे हुशार, म्हणाले त्याऐवजी शेंदूर घाला, चमक तशीच येईल. आली की. उलट जास्तच आली. आणि शेंदूर म्हणजे मारुतीचा, त्याला कोण भिणार? बायकांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं. झिलई कालवणाऱ्या अंबूबाई तर हात न धुताच भाकरी खायच्या, देवाचंच आहे म्हणायच्या. मी त्यांना चिडवायचे, तुम्ही आता आतूनही सोन्याच्या होणार म्हणून.

काल अंबूबाई पोट धरून खालीच बसल्या. मनगट इतकं लुळं पडलंय की पेला उचलवत नाही. आज त्यांना कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं, हिरड्यांवर निळी रेघ होती. काम काय, विचारलं. शेंदूर म्हटल्यावर म्हणाले, अहो, ते शिसं आहे, विष आहे. भाजलेल्या भांड्यातून ते उतरतं का, असं मी आपलं विचारलं. आंबट ठेवलं तर उतरतं, म्हणाले, आणि गरोदर बाईला फारच वाईट.

ताई, तुझ्या चोरओटीला मी आणलेली सोनेरी बरणी त्याच झिलईची. तिच्यात तू लिंबाचं लोणचं घातलंस, आणि त्याच्याशिवाय घास उतरत नाही असं लिहिलंस. ते लोणचं खड्डा करून पूर. बरणी फोड, धुऊन कुणाला देऊ नकोस. आरशात हिरड्या बघ. रेघ असो-नसो, दाजींना घेऊन उद्याच्या पहिल्या एसटीनं इकडे ये. अंबूबाईंजवळ दुसरं कुणी नाही, नाहीतर मीच धावत आले असते. शेजारचे ज्योतीरामभाऊ हे पत्र घेऊन येताहेत, उत्तरासाठी दारात थांबतील. तू येईपर्यंत मला धीर निघायचा नाही. बाकी काही लिहू नकोस. बाळ हलतंय का, तेवढं लिही.

तुझीच
नीला