खारीक कुणाची

२१ फेब्रुवारी २०२१, रविवार

ठरलं! खारीक टेस्ट पास झाली तर माझी, नापास झाली तर सुश्रुतची. घटस्फोटाच्या बाकीच्या वाटण्या एका दुपारीच झाल्या होत्या — सोफा, सायकली, मिक्सर. घोडं अडलं ते कुत्रीपाशी. आई म्हणतेच, तुम्हा दोघा इंजिनियरांना पानात काय वाढायचं त्यालाही क्रायटेरिया लागतो.

लॉकडाउनमुळे अजून एकाच घरात आहोत. आइंडहोवनमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे देव भेटणं. तो वरच्या खोलीत, मी खाली. भांडण नाही. भांडायला काही उरलेलं नाही.

टेस्ट शिकारी कुत्र्यांची आहे. लॅब्राडोर मूळची त्याच कामाची — पडलेलं बदक न चावता तोंडात धरून आणायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं. आमच्या बाईसाहेबांनी आजवर फक्त माझे मोजे आणलेत.

७ मार्च

शिकवणारी बाई ट्रूस. सत्तरीची, पायात गमबूट, दीड मीटरवरूनही कानठळ्या बसतील असा आवाज. पहिलंच वाक्य — "तू फार बोलतेस." माझं आपलं चाललं होतं, ये गं बाळा, बस गं, शहाणी ती. ट्रूस म्हणाली, एक शिट्टी म्हणजे असशील तिथे थांब, बस आणि माझ्याकडे बघ. मग हाताने दिशा दाखवायची. बाकी तोंड बंद.

निघताना तिने एक पिशवी दिली. आत गोठवलेलं बदक! "टेस्टला हेच असतं. आत्तापासून सवय कर."

८ मार्च

बदक फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी. आमच्या दोघांच्याही घरी कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. सुश्रुतने मटार काढायला दार उघडलं आणि तसंच लावलं. "नीला, धिस इज टू मच हं!" संध्याकाळी पाहिलं तर नारळ, मटार, पुरणपोळ्या सगळं खालच्या खणात, आणि वरचा अख्खा खण बदकाला.

१८ एप्रिल

शिट्टीला थांबत नाही! पाण्यात जाते, बदक अलगद धरते, नीट हातात देते. पण धावताना शिट्टी वाजली की हिचा कानसुद्धा हलत नाही. ट्रूसने स्वतःची शिट्टी वाजवून पाहिली. तेच. "घरी कुणी शिट्ट्या वाजवतं का?" म्हटलं, छे!

२० एप्रिल

आज घरून काम. दुपारी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. खारीक टेबलाखाली झोपलेली. दुसरी झाली. तिसरी. हिने डोळाही उघडला नाही. मी मात्र ताडकन उठले.

पिल्लू असल्यापासून दोन्ही वेळा कुकरच्या शिट्ट्या ऐकत आली आहे ही! शिट्टी म्हणजे वरण-भात, आपला काय संबंध? कुकर म्हणजे काय ते ट्रूसला फोनवर सांगताना नाकी नऊ आले. मग ती इतकी हसली की तिला ठसकाच लागला. "घरातल्या शिट्ट्या बंद कर. मग पहिल्यापासून शिकवू."

२ मे

बंद कशा करणार? स्वयंपाक पहिल्यापासून सुश्रुतचा. आणि त्याला हे कळलं तर तो दिवसाला दहा शिट्ट्या काढेल. मी तरी तेच केलं असतं.

काल राजमा. आज छोले. मुद्दाम करतोय? माझं फोनवरचं बोलणं ऐकलं असेल का?

३ मे

न राहवून बोललेच. "कुकर लावून लावून मला हरवतोयस तू." त्याला काही कळेना. मग सगळं सांगावं लागलं — शिट्टी, ट्रूस, सगळं. तो म्हणाला, "अच्छा." एवढंच. झालं! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

४ मे

जेवायला दोन वाजले. वरण पातेल्यात शिजवलं होतं. डाळ जरा कच्ची राहिली होती. कुकर ओट्यावर नव्हता.

२७ जून

थांबली! ऐन धावेत शिट्टी दिली आणि मागचा भाग गवतात घसरवत खाली बसली, माझ्याकडे बघत. ट्रूसने मला मिठी मारायला हात पसरले आणि कोरोना आठवून परत खिशात घातले. घरी येऊन सुश्रुतला सांगितलं. "मस्त!" म्हणाला आणि पातेलं ढवळायला गेला.

१५ ऑगस्ट

सुश्रुतला ब्रेडा गावात घर मिळालं. तळमजला, मागे छोटी बाग. ऑक्टोबरपासून. काम त्याचं घरूनच. माझं कंपनीच्या क्लीनरूममधलं, पुढच्या महिन्यापासून रोज जायचं. म्हणजे खारीक दिवसभर एकटी. हा विचार मी इतके महिने कसा केला नाही?

आज दारातून पाहिलं. वरण शिजेपर्यंत तो ओट्यापाशी जमिनीवर बसतो. मांडीवर लॅपटॉप, पावलांवर खारीकचं डोकं. मधूनच उठून ढवळतो, पुन्हा बसतो. रोज तासभर. ती पास होऊन त्याच्याच हातून जावी म्हणून! मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१६ ऑगस्ट

म्हटलं, "तूच ने तिला."

"का?"

"तू घरी असतोस."

"ठरलंय ना आपलं? मग टेस्ट होऊ दे. दया म्हणून मला काही नको, नीला."

लग्नाला अकरा वर्षं झाली. या माणसाने माझा उपकार एकदाही घेतला नाही. स्वतः करायचा तेव्हा मात्र विचारत नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

टेस्ट. कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी, म्हणून सुश्रुत घरीच. ट्रूस मदतनिसांत, तळ्याच्या कडेला उभी.

जमिनीवरचं सगळं चोख झालं. मग पाणी. बदक पलीकडे डावीकडच्या लव्हाळ्यात पडलं. खारीक उजवीकडे पोहत गेली, पार पलीकडच्या काठावर चढली आणि भलतीकडेच शोधत राहिली. बदक होतं तिथेच राहिलं. परीक्षकांनी टोपीला हात लावून आभार मानले. नापास.

सुश्रुत दारातच उभा होता. "शिट्टीला थांबली नाही?"

"नाही थांबली."

तो तिथेच खाली बसला आणि तिच्या ओल्या मानेत तोंड खुपसलं. मग म्हणाला, "सॉरी, नीला. तू फार मेहनत घेतलीस." मी चहा टाकायला आत गेले.

१२ सप्टेंबर

सकाळी ट्रूसचा मेसेज. "शिट्टी ओठांत धरून उभी होतीस. वाजवली का नाहीस?"

उत्तर लिहिलं — सुश्रुतला सांगू नकोस.