बहात्तर पायऱ्यांची सरासरी

ती. आत्या,

वाकून नमस्कार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. (पानं वाढली तर त्याचं कारण अक्षर आहे, माझी बडबड नव्हे.) इथे ‘इकडे सर्व खुशाल’ असं लिहायची पद्धत आहे, पण बाबांच्या तब्येतीविषयी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती एकदम लिहायला हात धजत नाही. म्हणून आधी माझ्या अभ्यासाचं सांगतो. कंटाळू नकोस, वाट तिकडेच जाते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मानगुटीवर संख्याशास्त्र आणि संभाव्यता नावाचा विषय बसतो. मागच्या खेपेला तो माझा राहिला, हे आईने तुला फोनवर कुजबुजत सांगितलं असेलच. या विषयात लोक पिशवीतून लाल-निळे चेंडू काढतात, नीट बघतात आणि परत पिशवीत टाकतात. (परतच टाकायचे तर काढले कशाला, असं मी पहिल्याच तासाला विचारलं आणि मॅडमच्या लक्षात कायमचा राहिलो.) निकाल बघून बाबांनी आदळआपट केली नाही. माझं पुस्तक उघडून दोन पानं वाचली आणि म्हणाले, “लिफ्टचा दोर तुटायची शक्यता लाखात एक असेल, पण मी तो दर वेळी हाताने चाचपतो. तूही रोज थोडं बघत जा.” हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि संध्याकाळी बहात्तर पायऱ्या चढून घरी येतो, कारण आमच्या इमारतीला लिफ्टच नाही.

या वर्षी मॅडमनी प्रत्येकाला एक काम दिलं. रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट पन्नास दिवस मोजायची, आलेख काढायचा आणि तो मधे फुगीर, दोन्ही कडांना उतरता असा छान घंटेच्या आकाराचा येतो का ते पाहायचं. माझा चष्मिस मित्र चौकात उभा राहून गाड्या मोजायला लागला आणि उन्हाने काळाठिक्कर पडला. मी मात्र अंथरुणातून न उठता करता येईल असं काम शोधलं. खालचं लोखंडी फाटक वाजलं की घड्याळ चालू करायचं, बाबांची किल्ली दारात फिरली की बंद. पन्नास संध्याकाळी मी हा अभ्यास आडवा पडून केला. आईला वाटलं पोराला शेवटी अक्कल आली, आणि तिने मला दूध वाढवलं.

पण घंटा काही येईना. माझ्या आलेखाला दोन उंचवटे आले आणि उजवीकडे लांबलचक शेपूट. मी म्हटलं, बाबा वाटेत शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसत असणार, हे मोठे आकडे म्हणजे निव्वळ गडबड. मग मी काय केलं ते तुला खरं सांगतो. शंभर सेकंदांच्या वरचे सगळे आकडे मी रबराने पुसले आणि त्या जागी साठ-सत्तरचे गोंडस आकडे बसवले. घंटा अशी सुरेख आली की मी ती आईला दाखवली. बाबांनाही दाखवली. त्यांनी ती चष्मा वर करून पाहिली, “वा,” म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आपण काय बघतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं.

मॅडमनी आलेख बाजूला सारला आणि कच्ची वही मागितली. पुसलेले आकडे उजेडात धरले की दिसतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त खरे आकडे तारखेप्रमाणे एका रांगेत मांडले. आत्या, मी ते लहान-मोठे असे गटागटाने रचले होते. कुठला आकडा कुठल्या दिवशीचा, हे कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या दहा दिवसांची सरासरी अडुसष्ट सेकंद. शेवटच्या दहा दिवसांची एकशे चार. मधे कुठेही गडबड नव्हती, आकडे हळूहळू चढत गेले होते. “कोण आहे हे?” मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, वडील. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “मार्कांचं नंतर बघू. तू घरी जा.”

त्या संध्याकाळी फाटक वाजल्यावर मी अंथरुणात पडून न राहता खाली उतरलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, विजेच्या मीटरशेजारी, बाबा पायरीवर बसले होते. हत्यारांची पिशवी मांडीवर, तोंड उघडं, शर्ट घामाने चिंब. मला बघून म्हणाले, “या मीटरचा आवाज येतोय रे. ऐकत होतो.” मी पण कान लावून ऐकलं. मीटर गप्प होता. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणतात गुडघा आहे, पुढच्या महिन्यात बघू. मला फार भीती वाटते आहे, आत्या. पन्नास दिवस मी त्यांना लागलेला दम मोजत होतो आणि वर घंटा काढून त्यांनाच दाखवली.

काकांना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा,
विषय राहिलेला भाचा

ता. क. : या रविवारी येशील का? बाबांनी डॉक्टरांकडे जावं म्हणून आईने अकरा वेळा सांगून पाहिलं, मी सहा वेळा; यश शून्य. तू आयुष्यात एकदाच त्यांना दटावलंस, सिगरेट सोड म्हणून, आणि त्यांनी त्याच दिवशी सोडली. एकात एक. नमुना फार लहान आहे, त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याला मॅडम वर्गाबाहेर काढतील. मी काढतो आहे. तू नर्स म्हणून इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलास, तुझ्यापुढे त्यांचा गुडघा टिकणार नाही. मी पत्र लिहिलं हे मात्र बोलू नकोस.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आत फाटक वाजलं. मी खाली जाऊन पिशवी घेतली. ते नको म्हणाले, मग दिली. तिसऱ्या मजल्यावर मीच बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून बसलो आणि खूप वेळ बांधत राहिलो. ते शेजारी बसले. किती सेकंद लागले ते मोजलं नाही.